कारणाचा रकाना

मे महिना. पाणी गाळपेराच्याही खाली उतरलेलं,
आणि पैठणच्या अलीकडं, गहिनीनाथ लिंबोऱ्याच्या
डांबर फासलेल्या होडीत
आम्ही समुद्राचं यंत्र मांडून बसलो.

गहिनीनाथ हसला. म्हणाला,
आमच्याकडं मजुरी बुडती, पीक बुडतं,
परवा पतसंस्था बुडली.
जहाज कवा बुडायचं साहेब?

बावीस वर्षं मी किनाऱ्यालगत
बुडालेल्या लढाऊ जहाजांची मोजदाद करतोय.
खरं सांगायचं तर जहाज असं सापडतच नाही.
लाकूड किडा खातो, शिडं आधीच जळालेली.
उरतात नीरमाचे दगड, आणि तोफा,
मिठाच्या पुटाखाली फुगलेल्या,
चुलीत विसरलेल्या कणसांसारख्या.
जहाजाचं नाव कुठल्याशा मोडी कागदात,
जहाज पाण्यात.
दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच माझं काम.
तक्त्यातला शेवटचा रकाना: बुडण्याचं कारण.
तुफान. खडक. तोफेचा गोळा.
एकदा तर लिहिलं, आपल्याच माणसांनी पेटवलं,
शत्रूच्या हाती लागू नये म्हणून.

इथं फक्त यंत्राची चाचणी होती.
गोड्या पाण्यात आवाज हळू धावतो.
अशफाक मुकादमनं कमरेच्या पट्ट्यातलं दोन तुकडे शिसं काढून ठेवलं,
ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकला:
अळणी आहे.
दवाखान्यातल्या जेवणाबद्दल बोलावं तसं.

पडद्यावर तांबूस चित्र सरकत होतं.
बाभळीची खोडं. बांध. एक विहीर,
पाण्याच्या आतही विहीरच.
पोरांना मी शिकवतो, वस्तू बघू नका, सावली बघा,
उंची सावलीत असते.
आणि मग ती सावली आली.
दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फासळ्या.
अशफाक हळूच म्हणाला, गुराब.
समुद्र तिथून एसटीनं एका रात्रीवर.

तो खाली गेला. अकरा मिनिटं.
वर आला तेव्हा चेहऱ्यावर
पाण्याखेरीज काहीतरी होतं.
लाकूड शाबूत आहे, म्हणाला.
एकोणीस हात. एक खिळा सुटलेला नाही.
नाळेला साखळी आहे,
साखळी घाटाच्या कड्याला,
आणि कुलूप.

गहिनीनाथ डब्यानं होडीतलं पाणी उपसत होता,
थांबला.
मग निवृत्तीतात्याची नाव हाये ती.
आमच्या चुलत्याची.
तलाठी म्हणला व्हता, वस्तू जाग्यावर हजर पायजे,
नायतर पंचनामा कशाचा अन् मोबदला कशाचा.
तात्यानं साखळी घातली.
रोज जाऊन बघायचा.
नाव हजर. तलाठी न्हाई.
पाणी मात्र दिल्या तारखेला आलं.

नाव पाण्याबरोबर चढत होती म्हणे,
साखळी पुरली तोवर.
मग नाळ खाली ओढली गेली,
नाव जनावरासारखी मान हलवत राहिली,
मग पाणीच तिच्यात चढलं.
तात्या घाटाच्या वरच्या पायरीवर,
मग त्याच्याही वरच्या.

किल्ली? मी विचारलं.

करदोड्याला व्हती की. शेवटपर्यंत.
सोडली असती तर गैरहजर लागली असती.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
एक पाणकावळा विहिरीच्या जागेवर बुडी मारून
रिकामाच वर आला.

तक्ता काढला. नावेचं नाव?
गहिनीनाथ माझ्याकडं बघत राहिला.
नावंला कशाचं नाव? नाव म्हंजी नाव.
तोफा: नाहीत. शिडं: नाहीत.
बांधणी: सागवानी, बाभळीच्या फासळ्या.
मग तो रकाना.
तुफान नव्हतं. खडक नव्हता.
शत्रू कोण, ते विचारायची सोय तक्त्यात नाही.
पेनाचं टोपण दातात धरून मी बसलो,
अशफाक उन्हात शेंगा फोडत होता.

शेवटी लिहिलं: हजर होती.

गहिनीनाथनं मान लांब करून कागदाकडं बघितलं.
तारीख कोणती टाकली, म्हणाला.